झुलीखालची गाठ

खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीतून एका भगिनीचे चार पानांचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी वरातीची एक घोडी आणि एक बग्गी आहे. सासऱ्यांचा टांगा होता. रिक्षा आल्या आणि तो गेला, पण घोडा पाळण्याची घरची सवय गेली नाही. आज लग्नसराईतल्या कमाईवर घरखर्च, मुलांची फी आणि घोडीचा दाणा-वैरण एवढे सगळे चालते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला घोडीच्या पोटाखाली, तंग आवळतो त्याच्या जरा मागे, सुपारीएवढी गाठ आली. पावसात ती लिंबाएवढी झाली आणि फुटून वाहू लागली. थंडीत सुकली. सर्वांना वाटले, गेली. यंदा पहिल्या पावसानंतर त्याच जागी पुन्हा उठली आहे. दाबले की रक्ताबरोबर पिवळे, तांदळाच्या कण्यांसारखे बारीक कण बाहेर येतात. घोडी खाते, पिते, चालते. फक्त मान वळवून ती जागा सारखी चावायला बघते.

सल्ले मात्र भरपूर मिळाले आहेत. एकाने शेपटीचा केस घेऊन गाठ मुळाशी करकचून बांधायला सांगितले. दुसऱ्याने मोरचूद भरायला सांगितले, तिसऱ्याने तापल्या सळईचा डाग द्यायला. बँडवाले म्हणतात, एवढी मखमली झूल टाकतो, खालचे कोणाला दिसते? दीर म्हणतात, अकलूजच्या बाजारात नेऊन मोकळे व्हा. भगिनी विचारतात: मुलांना घोडीपाशी जाऊ द्यावे का? डाग द्यावा का? आणि विकली तर गुनाह होईल का?

या सदरात एरवी आम्ही बाळाचे दात, सासूबाईंची साखर, पावसाळ्यातला खोकला अशाच गोष्टींवर लिहितो. या वेळी घोडी. पण ज्या घराची रोजी एका जनावरावर उभी आहे, त्या घरात जनावराची गाठ ही घरचीच गाठ असते. शिवाय नालबंद, तांगेवाले, बग्गीवाले अशी घराणी आमच्या वाचकांत कमी नाहीत. वरातीत घोडी असावी की नसावी हा वाद आज बाजूला ठेवू. तो ज्यांना घालायचा ते दर लग्नात घालतातच.

मुलांचा प्रश्न आधी घेतो.

घोड्याच्या अंगावरच्या बहुतेक गाठी माणसाला लागत नाहीत. एक रोग मात्र असा आहे की तो नाही हे ठरेपर्यंत मुलांना तबेल्यापासून लांब ठेवले पाहिजे. त्याचे नाव ग्लँडर्स. घोडे, गाढवे आणि खेचरे यांचा हा जंतुरोग. जर्मनीत 1882 मध्ये लोफ्लर आणि शुट्झ यांनी त्याचा जंतू शोधला. घोड्याच्या नाकातल्या स्रावातून, गाठीच्या पुवातून, एकाच हौदात पाणी पिण्यातून तो दुसऱ्या घोड्याला लागतो आणि हाताला चीर असेल किंवा श्वासातून गेला तर माणसालाही. माणसात तो क्वचित होतो, पण झाला आणि वेळेत ओळखला गेला नाही तर जीव घेतो. याचाच कातडीवरचा प्रकार म्हणजे फार्सी. त्यात बहुधा मागच्या पायाच्या आतल्या बाजूने, तसबीहच्या मण्यांसारख्या एका रांगेत गाठी उठतात, फुटतात आणि त्यांतून मधासारखा चिकट पू येतो. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, नाकपुडीच्या आत व्रण, ताप, खंगत जाणे ही बाकीची लक्षणे.

हा रोग इतिहासजमा झाला असे कोणी सांगितले तर ऐकू नये. आपल्याकडे इंग्रजांनी 1899 मध्ये खास ग्लँडर्स आणि फार्सीचा कायदा केला होता, यावरूनच त्याची दहशत कळते. मधली बरीच वर्षे तो दिसेनासा झाला आणि 2006 मध्ये महाराष्ट्रातल्याच घोड्यांत त्याने पुन्हा डोके वर काढले. पुढे इतर राज्यांतही तो सापडत राहिला. जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा 2009 चा कायदा आला तेव्हा जुना कायदा रद्द झाला, पण ग्लँडर्सचा संशय आला तर कळवण्याचे बंधन राहिले.

पत्रातल्या घोडीला नाक वाहत नाही, ताप नाही, गाठ एकच आहे आणि तीही ऋतूप्रमाणे येते-जाते. ही लक्षणे ग्लँडर्सच्या बाजूने बोलत नाहीत. पण घोड्यात ग्लँडर्स महिनोन्‌महिने दबून राहू शकतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी निर्वाळा देणे कोणालाच शक्य नाही. रक्ताची तपासणी करावी लागते. सरकारी पशुवैद्यकाने नमुना घ्यायचा आणि तो प्रयोगशाळेत जायचा. या कामातली देशातली मोठी संस्था म्हणजे हरियाणात हिसार येथे असलेले राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र. निकाल येईपर्यंत खरारा करणारा एकच मोठा माणूस असावा. त्याने जखमेला हात लावताना रबरी हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. घोडीची बादली, तोबरा, खरारा दुसऱ्या जनावराला वापरू नये. मुलांनी लांबून सलाम करावा.

इथे एक भीती आड येते, आणि ती पत्रात न लिहिलेली असली तरी आम्हाला दिसते. सरकारी डॉक्टरला बोलावले तर घोडी मारून टाकतील. ही भीती अगदीच खोटी नाही. ग्लँडर्स नक्की झाला तर त्यावर घोड्याला औषध दिले जात नाही; जनावर वेदनेशिवाय मारावे लागते आणि मालकाला भरपाईची तरतूद आहे. पण ते प्रयोगशाळेच्या निकालानंतर. नुसती गाठ पाहून कोणी घोडी नेत नाही, आणि बहुसंख्य गाठी ग्लँडर्सच्या नसतातच. उलट बाजूने विचार करा. रोग असेल आणि आपण झाकला, तर पहिला धोका त्या घोडीला रोज चोळणाऱ्या घरच्या माणसाला आहे, दुसरा शेजारच्या तबेल्याला. आजारी उंटांच्या मालकाने ते निरोगी उंटांत नेऊ नयेत, अशी ताकीद पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी दिली, हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटात जे पाळले जात होते, ते खडकीच्या गल्लीत पाळणे अवघड नसावे.

आता त्या पिवळ्या कणांकडे येऊ. पत्रातली हीच गोष्ट आम्हाला सर्वांत बोलकी वाटली.

पावसात उठणारी, थंडीत बसणारी आणि पुढच्या पावसात पुन्हा त्याच जागी येणारी ही गाठ हिंदुस्थानातल्या सईसांना फार जुनी माहीत आहे. ते तिला बरसाती म्हणत. इंग्रजांच्या पलटणी आल्या तेव्हा त्यांच्या घोड्यांनाही ती होऊ लागली. खडकी ही घोड्यांचीच छावणी. 5 नोव्हेंबर 1817 ची लढाई इथे झाली आणि नंतर इथे जी छावणी बसली तिच्यात घोडदळ आणि तोफखाना होता. तोफाही घोडेच ओढत. इथे काय आणि इतर छावण्यांत काय, गोऱ्या पशुवैद्यांना विलायतेत न पाहिलेला हा रोग कळेना. त्यांनी सईसाचाच शब्द उचलला आणि आपल्या ग्रंथांत ‘बरसाती’ असाच लिहिला, फक्त इंग्रजी अक्षरांत वेडावाकडा करून. गाठीतून निघणाऱ्या कठीण कणांना सईस कंकर म्हणत. तोही शब्द त्यांनी घेतला. आज अमेरिकेतल्या पशुवैद्याच्या तोंडीही घोड्याच्या एका रोगातल्या खड्यांना ‘कंकर’च असते, आणि त्याला बहुधा ठाऊकही नसते की हा शब्द आपल्या बाजूच्या सईसांचा आहे.

पण नाव मिळाले म्हणून रोग कळला असे नाही. कोणी म्हणे हा कर्करोग, कोणी म्हणे रक्तदोष, कोणी म्हणे हवेचा परिणाम. फ्रेडरिक स्मिथ नावाच्या सैनिकी पशुवैद्याने 1884 मध्ये लिहिले की ही बुरशी आहे. वाद अनेक वर्षे चालला.

गंमत अशी की उत्तराचा अर्धा भाग तोवर मुंबईत सापडून गेला होता. हेन्री जॉन कार्टर हा मुंबईच्या लष्करातला डॉक्टर, पण जीव रमे तो सूक्ष्मदर्शकाखाली. 1861 मध्ये त्याने मुंबईतल्या साध्या घरमाशीच्या पोटात बारीक कृमी पाहिले आणि त्यांचे वर्णन छापले. माशीत कृमी, यात कोणाला काय रस असणार? ते वर्णन तसेच पडून राहिले. 1913 मध्ये अमेरिकेत रॅन्सम या शास्त्रज्ञाने दाखवले की मुंबईच्या माशीतला तो कृमी म्हणजे घोड्याच्या जठरात राहणाऱ्या जंताचे पिल्लू आहे. माशी त्याची वाहक. जंताच्या शास्त्रीय नावापुढे आजही कार्टरचे नाव आणि 1861 हे साल लिहिले जाते.

मग बरसातीचा खेळ उलगडला. घोड्याच्या जठरात हा जंत राहतो. त्याची अंडी आणि पिल्ले लिदीबरोबर बाहेर पडतात. त्याच लिदीत माशीच्या अळ्या वाढत असतात. त्या ही पिल्ले गिळतात. अळीची माशी होते, माशी घोड्याच्या ओठावर बसते, पिल्लू तिच्या सोंडेतून उतरते, घोडा ते चाटून गिळतो आणि जठरात जंत वाढतो. इथवर घोड्याला फारसा त्रास नाही. पण माशी ओठाऐवजी जखमेवर बसली, डोळ्याच्या ओल्या कोपऱ्यावर बसली, तंगाने सोलवटलेल्या पोटावर बसली, तर पिल्लू भलत्या घरात उतरते. तिथे ते मोठे होऊ शकत नाही आणि शरीर त्याला सोडत नाही. भोवती मांस वाढते, आत कठीण पिवळे कण होतात, खाज सुटते. माश्या कमी झाल्या की जखम सुकते. पाऊस आला, माश्या आल्या, की पुन्हा. वर्षभर न उलगडलेल्या गाठीचे कोडे पुष्कळदा लिदीच्या ढिगाऱ्यात असते.

पण थांबा. ‘मग ही बरसातीच’ असे म्हणून जंताचे औषध आणायला निघू नका. जुने सईस ज्याला एका नावाने बरसाती म्हणत, त्यात दोन वेगळे रोग मिसळलेले होते, आणि स्मिथ अगदीच चुकला नव्हता. दुसरा रोग साचलेल्या पाण्यातून येतो. डबके, नाल्याचे पाणी, पावसात तुंबलेला तबेला, अशा ठिकाणी बुरशीसारखा दिसणारा एक सूक्ष्म जीव असतो. त्याला आजचे शास्त्रीय नाव 1987 मध्ये मिळाले. तो बहुधा पायाच्या किंवा पोटाखालच्या छोट्या जखमेतून आत शिरतो. त्याची गाठ ऋतूची वाट बघत नाही; काही आठवड्यांत मुठीएवढी, मग नारळाएवढी होते. खाज इतकी की घोडा स्वतःचे मांस तोडू पाहतो. आतून निघणारे खडे पोवळ्यासारखे खडबडीत आणि मोठे असतात. पुस्तकांतले कंकर आज यांनाच म्हणतात. जंताच्या औषधाने याचे काहीही होत नाही. लवकर आणि पूर्ण कापून काढली तर घोडा वाचतो, उशीर झाला तर नाही. दोन्ही पावसात येतात, दोन्हींत कण असतात, दोन्ही खाजतात. एकात थोडी सवड आहे, दुसऱ्यात नाही. एवढ्याचसाठी गाठीचा तुकडा तपासायचा.

याशिवायही गाठी अनेक. तंग किंवा खोगीर घासून होणाऱ्या गाठी सर्वांत साध्या. पट्टा बदलला, जागा मोकळी ठेवली की बसतात. मात्र पत्रातली गाठ तंगाच्या जवळ आहे, म्हणून तंग आधी तपासावा. वरातीच्या साजात दिखाऊ रेक्झिनचे कडक पट्टे असतात, ते घामाने ओले झाले की करवतीसारखे काम करतात, आणि त्या सोलवटलेल्या जागेवरच माशी बसते.

सारकॉइड नावाची गाठ जगभर घोड्यांत सर्वांत जास्त आढळणारी कातडीची गाठ आहे. तिचे मूळ गाईबैलांच्या चामखिळीचा विषाणू. ती माणसाला लागत नाही, दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण जिद्दी असते. अर्धवट छेडली तर दुप्पट वेगाने वाढते. शेपटीच्या केसाने मुळाशी बांधण्याचा जो उपाय सांगितला गेला आहे, त्याचा धोका इथे आहे. वरचा भाग काळा पडून गळतो, घरात पेढे वाटले जातात आणि खाली राहिलेले मूळ तीन महिन्यांत वर येते.

आणि पांढऱ्या घोड्यांच्या मालकांसाठी एक वेगळी गोष्ट. वरातीला पांढरी घोडी लागते. यांतल्या काही जन्मतःच पांढऱ्या आणि गुलाबी कातडीच्या असतात, त्यांना नुकरा म्हणतात. काही मात्र जन्मतः काळ्या-करड्या असतात आणि वयाबरोबर पांढऱ्या होत जातात. त्यांची कातडी केसांखाली काळीच असते. अशा घोड्यांना उतारवयात शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, जबड्याच्या मागे काळ्या, टणक, न दुखणाऱ्या गाठी येणे फार सामान्य आहे. त्या गाठी कर्करोगाच्या जातीच्या, पण बहुधा वर्षानुवर्षे हळू वाढणाऱ्या. म्हणून पांढऱ्या घोडीची शेपटी सजवताना खालीही एक नजर टाकावी. नुकऱ्याचा त्रास वेगळा: डोळ्याभोवतीची आणि गुप्तांगाची गुलाबी कातडी उन्हाने करपते आणि तिथे न भरणारा व्रण झाला तर तो कर्करोगाचा असू शकतो. पत्रात घोडीचा रंग लिहिलेला नाही, आम्ही कळवायला सांगितले आहे.

तर करायचे काय? खडकीकरांचे नशीब एवढे चांगले की यासाठी लांब जावे लागत नाही. औंध रोडने गेले की औंधला पशुसंवर्धन खात्याचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि तिथेच खात्याचा रोग अन्वेषण विभाग, म्हणजे प्रयोगशाळाही आहे. जनावरांच्या रोगांचा सरकारी अभ्यास देशात सुरू झाला तोसुद्धा पुण्यातच. 1889 मध्ये इथल्या सायन्स कॉलेजात त्यासाठी प्रयोगशाळा निघाली, 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तिची देशातली मोठी पशुवैद्यक संस्था झाली. घोडी चालवत नेण्यासारखी नसेल किंवा ग्लँडर्सचा संशय असेल तर तिला रस्त्याने फिरवू नये. 1962 या क्रमांकावर फोन करून डॉक्टरांना घरी बोलवावे. मुंबईच्या वाचकांना परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याच आवारातले 1886 चे पशुवैद्यकीय महाविद्यालय ठाऊक असेलच.

डॉक्टरांकडे मागायची गोष्ट मलम नाही, नाव आहे. गाठीचे नाव. जागा बधिर करून गाठीचा छोटा तुकडा काढतात आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पाठवतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे जंतू किंवा बुरशी वाढवून पाहायची असेल तर दुसरा तुकडा वेगळा, फॉर्मॅलिनशिवाय द्यावा लागतो. हे आधीच विचारावे, म्हणजे घोडीला दोनदा कापावे लागत नाही. सारकॉइडचा संशय असेल तर डॉक्टर तुकड्याऐवजी आख्खी गाठच काढायचे ठरवतील, कारण तिला अर्धवट छेडणे चांगले नाही. त्यांना घाई करू नका, पण ‘बघू, पुढच्या महिन्यात या’ एवढ्यावर परतही येऊ नका. सहा आठवड्यांत न भरणारी गाठ किंवा जखम तपासायलाच हवी.

बरसाती निघाली तर जंताचे औषध तोंडाने देतात, सूज आणि खाज उतरवायचे औषध देतात, वाढलेले मांस गरज पडली तर कापतात आणि जागा माशीपासून झाकतात. एक सांगून ठेवतो. औषधाच्या दुकानात गाईम्हशींसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सहज मिळते आणि ‘तेच आहे, टोचा’ असे सांगणारेही भेटतात. घोड्याला ते टोचल्याने त्या जागी मोठी सूज आणि गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. घोड्यासाठी तोंडाने द्यायची पेस्ट असते आणि तिची मात्रा वजनावर ठरते.

डागाविषयी. घोड्यांना डागण्याची रीत फार जुनी आहे. कैरोच्या मामलुक सुलतानाच्या पदरी असलेल्या अबू बक्र इब्न बद्रसारख्या बैतारांचे ग्रंथ जगात मानाने वाचले गेले, आणि त्या काळच्या बैतारांच्या हाती डागणीची सळई असे. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, बधिर करायचे औषध नव्हते. त्यांनी हाताशी होते ते वापरले. आपल्याकडे दोन्ही आहे. जनावराच्या तोंडावर डाग देण्याची पैगंबरांनी (स.) मनाई केली, आणि तोंडावर डागलेले गाढव दिसले तेव्हा तसे करणाऱ्याचा धिक्कार केला, ही हदीस सही मुस्लिममध्ये आहे. कोणी म्हणेल, गाठ पोटावर आहे, तोंडावर नाही. फतवा काढायला आम्ही बसलेलो नाही. एवढेच म्हणतो की डागाने नवी जखम होते, नव्या जखमेवर नव्या माश्या बसतात, आणि बरसातीला याहून चांगले आमंत्रण नाही. मोरचूद, केरोसीन, जळके ऑइल यांचेही तेच. कातडी जळते, डॉक्टरांना पुढे तपासणीला स्वच्छ मांस मिळत नाही. दम करून घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, दुआही मागावी. त्याने जखम जळत नाही.

राहिला झुलीचा आणि बाजाराचा प्रश्न, जो भगिनींनी शेवटी आणि सर्वांत बारीक अक्षरात लिहिला आहे.

वाहती गाठ मखमलीखाली झाकून घोडी वरातीला नेणे म्हणजे दुखऱ्या जागेवर तंग आवळणे, बँड आणि फटाक्यांत तिला तीन-चार तास उभे करणे आणि नवरदेवापुढे एखादे चार वर्षांचे मूल बसवणे. दुखणारी घोडी कधी उधळेल सांगता येत नाही. रक्ततपासणीचा निकाल आला नसेल तर धोका आणखी वेगळा. ज्यांनी सुपारी दिली आहे त्यांना फोन करून दुसऱ्या तबेल्याची घोडी लावून द्यावी. एका हंगामातल्या काही वराती जातील, हे आम्हाला कळते, आणि ते लिहिताना हलके वाटत नाही. त्या घरात जुलै-ऑगस्टचा महिना कसा निघत असेल याचा अंदाज आहे. बग्गी भाड्याने देता येते, दुसऱ्याच्या घोड्याला जोडून. तबेलेवाल्यांत एवढी भाईबंदी अजून आहे.

विक्रीचे म्हणाल तर आजारी जनावर विकणे गुनाह नाही, ऐब लपवून विकणे आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबरांनी (स.) आतला ओला थर बाहेर काढला आणि विक्रेत्याला जाब विचारला, हा प्रसंग बहुतेक घरांत मुलांनाही सांगितलेला असतो. धान्याऐवजी घोडी आणि ओल्या थराऐवजी झूल, एवढाच फरक. गाठीचे नाव कळल्यावर, कागद दाखवून, गिऱ्हाइकाला जागेवर हात लावू देऊन विकली तर किंमत कमी येईल पण पैसा हलाल असेल. तपासणीआधी मात्र अकलूज, सारंगखेडा किंवा माळेगाव यांपैकी कोणत्याच बाजाराकडे तिला नेऊ नये. तिथे शेकडो घोडी एका रांगेत बांधलेली असतात, एका हौदावर पाणी पितात. शिवाय दिरांना सांगावे की बाजारातले जाणते व्यापारी सर्वांत आधी झूलच उचलतात.

दरम्यान तबेल्यात करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते घरातल्या बायकांच्या हातचे आहे म्हणून इथे लिहितो. लीद रोज उचलावी. माशीची अंडी ते माशी हा प्रवास उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांचा असतो. ढीग त्याहून जास्त दिवस तसाच राहिला तर तबेला माश्यांचा कारखाना होतो. लगेच नेता येत नसेल तर ढीग एकत्र करून जाड प्लॅस्टिकने घट्ट झाकावा. आतली उष्णताच अळ्या मारते. तबेल्यात पाणी साचू देऊ नये, उतार नसेल तर खडी टाकून घ्यावा. घोडीला डबक्यात उभे करू नये. पोटाखालची जागा रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, स्वच्छ सुती कापड सैल बांधून झाकावी. दर काही महिन्यांनी लिदीची जंततपासणी करून घ्यावी.

आणि गाठ मोजावी. नजरेने ‘वाढली’, ‘कमी झाली’ यावर घरात रोज दोन मते पडतात. दर जुम्म्याला एक दोरा गाठीभोवती धरून कापावा, तो वहीत चिकटवून बाजूला तारीख लिहावी, त्याच अंतरावरून एक फोटो काढावा. पाऊस होता का, वाहत होती का, कण निघाले का, हेही दोन शब्दांत. औंधला जाताना ही वही, गेल्या वर्षीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि प्लॅस्टिकच्या डबीत त्या दिवसाची ताजी लीद बरोबर न्यावी.